फ्रिजची पाठ

कॅम्परव्हॅनमधला जुना फ्रिज गार करेनासा झाला की माणूस आधी त्याचं दार उघडतो. आत हात घालून बघतो, थर्मोस्टॅटची कळ 3 वरून 5 वर नेतो, दार लावतो. तासाभरानं पुन्हा उघडतो. दूध तसंच कोमट, आणि आत शिरलेली गरम हवा मात्र आणखी थोडी. या फ्रिजचं दुखणं समोरून क्वचितच कळतं. ते कळतं गाडीला बाहेरून वळसा घालून, भिंतीवरच्या दोन प्लास्टिकच्या जाळ्या काढून आत टॉर्च मारल्यावर.

हे सगळं युरोपात 1980 नंतरच्या दोन-तीन दशकांत बनलेल्या गाड्यांमधल्या तीन तऱ्हांनी चालणाऱ्या फ्रिजबद्दल आहे. गाडी धावत असताना 12 व्होल्ट, कॅम्पसाइटवर वायर जोडली की 230 व्होल्ट, आणि वीज नसेल तिथे गॅस. दारावर इलेक्ट्रोलक्स, डोमेटिक किंवा थेटफर्ड असं नाव असतं. जर्मनीत, ब्रिटनमध्ये किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या कुणी जुनी गाडी घेतली, तर बहुधा हाच फ्रिज वाट्याला येतो. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे कान लावणं. घरच्या फ्रिजसारखी घरघर येत असेल तर तो कॉम्प्रेसरचा, त्याचं घराणं वेगळं. काहीच आवाज नसेल तर तो हा. हॉटेलच्या खोलीतला मिनीबारही बऱ्याचदा याच जातीचा असतो, म्हणून तर तो उशाशी असूनही झोपमोड करत नाही.

1922 साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांनी ही युक्ती काढली. खाली जाळ लावायचा आणि वर बर्फ काढायचा. आत एकही हलणारा भाग नाही. पोलादी नळ्यांचं एक बंद जाळं, त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. बिघाड शोधण्यापुरतं हे कसं चालतं ते समजून घ्यायला आपल्याकडे फार चांगलं उदाहरण आहे, ते म्हणजे माठ.

माठ पाण्याला गार करतो कारण बाहेर झिरपलेलं पाणी वाऱ्यावर उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. पाणी उकळायला शंभर अंश लागतात, पण कोरडा वारा असला तर ते त्याच्या कितीतरी खाली उडतं. विदर्भात मे महिन्यात माठ दातांना झोंबेल इतका गार होतो, आणि कोकणात जुलैत तोच माठ नुसता ओला राहतो. माठात दोष नसतो, वारा आधीच पाण्यानं भरलेला असतो. या फ्रिजमध्ये पाण्याच्या जागी अमोनिया आहे आणि कोरड्या वाऱ्याच्या जागी हायड्रोजन. बॉयलरमध्ये तापवून अमोनिया पाण्यातून वेगळा काढला जातो, वरच्या पंखांच्या, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या लावलेल्या, नळीत तो निवून द्रव होतो, मग फ्रिजच्या आतल्या भागात हायड्रोजनच्या संगतीत उडतो आणि उडताना आतली उष्णता उचलतो. पुढे खालच्या वेटोळ्यांमध्ये, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बरमध्ये, पाणी तो अमोनिया पिऊन टाकतं आणि मोकळा झालेला हायड्रोजन परत वर जातो. पाणी गार असेल तरच ते अमोनिया नीट पितं. वेटोळी तापलेली राहिली की हायड्रोजन अमोनियानं भरलेलाच परत येतो. दमट वारा. माठ गार होत नाही.

एवढं ध्यानात राहिलं तर पुढचं सगळं ओघानं येतं. फ्रिजला तीन गोष्टी लागतात: खाली पुरेसा जाळ, पाठीमागे पुरेसा वारा, आणि आतलं पाणी आपल्या वजनानं वाहत राहील इतकी सपाट जमीन. जुन्या फ्रिजचं नळ्यांचं जाळंच मेलं असं गृहीत धरून नव्याची चौकशी करणारे खूप. त्यातल्या अनेकांचं दुखणं या तिन्हींपैकी एखादं निघतं.

सुरुवात मोजण्यापासून करावी. हाताला गार लागलं हे माप नव्हे. मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा, फ्रिज 230 व्होल्टवर लावा, कळ सर्वांत जास्तवर ठेवा आणि बारा तास दार उघडू नका. बाहेरचं तापमानही लिहून ठेवा. ठीक असलेला फ्रिज बाहेरपेक्षा साधारण 20 ते 25 अंश खाली जातो. बाहेर 25 असेल आणि पेल्यात 4 दिसत असेल तर फ्रिज उत्तम आहे. बाहेर 38 आणि पेल्यात 14 असेल तरीही फ्रिज बहुधा ठीकच आहे, हवा त्याच्या कुवतीपलीकडची आहे. आतल्या पाटीवर एसएन, एन, एसटी किंवा टी अशी अक्षरं असतात. एसएन आणि एन 32 अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी 38 पर्यंत, टी 43 पर्यंत. जर्मनीत विकलेला एसएन फ्रिज घेऊन ऑगस्टमध्ये दक्षिण स्पेनला गेलात तर त्याच्याकडून तक्रारीशिवाय दुसरं काही मिळणार नाही.

मोजायच्या आधी गाडी सपाट हवी. फ्रीझरच्या तळावर छोटी पाणसळ आधी लांबीच्या, मग रुंदीच्या दिशेनं ठेवा. जुन्या मॉडेलांना दोन-तीन अंशांपेक्षा जास्त कल सोसत नाही, नंतरची काही सहापर्यंत खपवून घेतात. आतलं पाणी कुठल्या पंपानं नाही, किंचित उताराच्या नळ्यांतून आपसूक वाहतं. कल चुकला की ते एखाद्या वळणावर साचतं, बॉयलरकडे परत येत नाही, आणि खालचा जाळ मात्र चालूच असतो. कोरड्या बॉयलरमध्ये गंज रोखण्यासाठी घातलेलं सोडियम क्रोमेट विघटित होऊन घट्ट होतं आणि बुडबुडे वर चढायची बारीक नळी बुजवून टाकतं. तिरक्या गाडीचं नुकसान म्हणूनच त्या एका रात्रीपुरतं राहत नाही, थोडं थोडं करून कायमचं होतं. धावत्या गाडीत ही भीती नाही, हिंदकळण्यानं पाणी इकडून तिकडे जात राहतं. धोका असतो तो उतारावर रात्रभर उभ्या केलेल्या गाडीत.

आता वारा. इथे थांबायला हवं, कारण उन्हाळ्यातल्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

गाडीच्या भिंतीवर फ्रिजमागे एक जाळी खाली आणि एक वर असते. खालून गार हवा आत यावी, वेटोळ्यांवरून आणि पंखांमधून वर चढावी आणि वरच्या जाळीतून बाहेर पडावी, अशी ती चिमणी. पहिली चूक अगदी साधी: हिवाळ्यात लावलेली झाकणं जाळ्यांवरून काढलेलीच नसतात. दुसरी, जाळीच्या आत कुणीतरी किडे येऊ नयेत म्हणून बारीक मच्छरदाणी चिकटवलेली असते आणि ती धुळीनं लिंपली गेलेली असते. तिसरी चूक दिसायला अवघड आणि सर्वांत महागाची. फ्रिजची पाठ आणि गाडीची भिंत यांच्यात जास्त मोकळी जागा ठेवलेली असते. मोकळी जागा म्हणजे भरपूर वारा असं वाटतं, पण हवा आळशी असते. ती पंखांमधून न जाता मागच्या मोकळ्या वाटेनं सरळ वर निघून जाते आणि पंख तापलेलेच राहतात. वरच्या पंखांच्या मागे दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून भिंतीच्या बाजूनं असा बसवावा की वर चढणाऱ्या हवेला पंखांमधूनच जावं लागेल. फ्रिजच्या डोक्यावरची पोकळीही बंद करावी आणि तिथून वरच्या जाळीकडे तिरका पत्रा द्यावा. नाहीतर गरम हवा छताखाली कोंडून राहते, फ्रिजचं डोकं तापतं आणि फ्रीझर वितळतो. बॉयलर आणि गॅसच्या धुराड्याजवळ फोम किंवा थर्माकोल वापरू नका, तिथे पत्राच हवा.

फ्रिजच्या दोन्ही बाजूंच्या फटीही नीट बुजलेल्या हव्यात. या फटींतून मागची गरम हवा स्वयंपाकघरात आली तर फक्त उकडतं. गॅसवर चालताना जळका धूर आला तर प्रश्न गार दुधाचा राहत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत असायलाच हवा.

इतकं करूनही तीस अंशांवर फ्रिज दमत असेल तर पंखा लावा. संगणकातले 12 व्होल्टचे, 120 मिलिमीटरचे दोन पंखे वरच्या पंखांच्या वर, हवा वर खेचतील अशा दिशेनं. दोघांना मिळून अर्ध्या अ‍ॅम्पिअरच्या आसपास पुरते. 45 अंशांना चालू होणारा छोटा थर्मोस्विच पंखांच्या पट्टीला चिकटवला की रात्री ते आपोआप बंद होतात. खालच्या जाळीपाशी, बर्नरजवळ पंखा कधीही लावू नका, त्याचा झोत ज्योत विझवतो. गाडी उभी करताना फ्रिजची भिंत सावलीत येईल असं बघा. युरोपात ती उत्तरेकडे असली तर दिवसभराचं ऊन चुकतं, न्यूझीलंडमध्ये दक्षिणेकडे. फुकटचे तीन-चार अंश असे मिळतात.

वारा आणि सपाटी ठीक झाली की जाळाकडे वळायचं. इथे तीन तऱ्हांचा फायदा होतो, कारण तिन्ही एकाच बॉयलरला तापवतात. 230 व्होल्टवर गार होतो पण गॅसवर नाही, तर दोष बर्नरमध्ये. गॅसवर गार, 12 व्होल्टवर कोमट, तर दोष तारांमध्ये. तिन्हींवर सारखाच कोमट, तर वारा, कल, दाराचं रबर किंवा शेवटी नळ्यांचं जाळं. प्रत्येक तऱ्हेला पूर्ण रात्र द्यायची. दोन तासांत निकाल लावणाऱ्याला हा फ्रिज नेहमी खोटं सांगतो.

12 व्होल्टची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तिच्यामागचं गणित सोपं आहे. हीटर साधारण 120 वॉटचा, म्हणजे 10 अ‍ॅम्पिअर. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 12 ऐवजी 10.5 व्होल्ट पोचले तर 120 वॉटचे 92 च उरतात, जवळजवळ पाव जाळ गेला. आणि व्होल्ट वाटेतच गळतात. 2.5 चौरस मिलिमीटरची तार पुढच्या बॅटरीपासून आठ मीटर मागे नेली तर जाऊन-येऊन सोळा मीटर होते आणि एकट्या तारेत 1.1 व्होल्ट जातो. 6 चौरस मिलिमीटरची घातली तर अर्ध्याहून कमी. त्यात रिले, फ्यूज, वितळून तपकिरी झालेले जोड यांची भर. म्हणून मल्टिमीटर बॅटरीवर नाही, फ्रिजच्या मागच्या टर्मिनलवर लावायचा, इंजिन चालू आणि फ्रिज 12 व्होल्टवर असताना. फ्रिज बंद ठेवून मोजलंत तर सगळं छानच दिसेल, कारण प्रवाहच नसतो. तिथे 12 च्या वर आकडा हवा. कमी असेल तर मायनसची तारही तपासा, लोक प्लस बदलतात आणि चेसिसला गंजलेल्या बोल्टनं जोडलेली मायनस विसरतात. फ्यूजचा होल्डर हाताला गरम लागत असेल तर दोष तिथेच आहे, मोठा फ्यूज घालून तो मिटत नाही. उलट तारेलाच आग लागू शकते.

सगळं ठीक असलं तरी 12 व्होल्टकडून आधीच गार झालेलं गार ठेवण्यापलीकडे अपेक्षा धरू नये. बऱ्याच जुन्या मॉडेलांत त्या वेळी थर्मोस्टॅट मध्ये येतच नाही, हीटर अखंड चालतो. इंजिन बंद असताना तो मागच्या, म्हणजे राहण्याच्या भागातल्या दिव्या-पंख्यांच्या, बॅटरीवर चालवला तर 100 अ‍ॅम्पिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतला वापरण्याजोगा अर्धा साठा पाच तासांत संपतो.

230 व्होल्टचा हीटर तपासताना गाडीची बाहेरची वायर आधी काढा, मगच हात घाला. हीटरची दोन टोकं सोडवून रोध मोजा: 125 वॉटच्या हीटरचा सव्वाचारशे ओहमच्या आसपास, 12 व्होल्टवाल्याचा जेमतेम 1.2. इतका बारीक आकडा मोजताना मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करावा लागतो. आकडा बरोबर असूनही जाळ कमी पडत असेल तर हीटर बॉयलरच्या खोबणीत पूर्ण खोल बसलाय का आणि भोवतीची रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर, जागच्या जागी आहे का ते बघा. कुणीतरी दुरुस्तीला काढलेली रॉकवूल परत न घालता पत्रा लावलेला असतो, आणि निम्मी उष्णता बाहेरच्या हवेला मिळते.

गॅसची ज्योत निळी, लहान आणि स्थिर हवी. पिवळी, फडफडणारी असेल तर बर्नर मागतोय साफसफाई. वर्षभर न पेटलेल्या बर्नरमध्ये कोळी घर करतात, धुराड्यात गंजाचे पोपडे सुटतात आणि नेमके खाली बर्नरवर पडतात. सिलिंडर बंद करून, सगळं निवल्यावर, बर्नरवर फडकं घालून धुराड्यातली तारेला टांगलेली पिळदार पट्टी वरून ओढून काढायची, धुराडं लांब ब्रशनं घासायचं, फडक्यासकट कचरा उचलायचा, पट्टी परत त्याच उंचीवर टांगायची. ही पट्टी गरम वायूंना बॉयलरभोवती घोटाळत ठेवते. ती हरवली तर ज्योत सुंदर निळी दिसेल आणि उष्णता आकाशात जाईल. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, खोलून स्पिरिटमध्ये भिजवा आणि वाळू द्या. टाचणी किंवा तार घालायचा मोह टाळा. भोक मिलिमीटरच्या अंशाचं असतं, टाचणीनं ते मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं आणि काजळी धरते. जोडताना प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. ब्रिटनमध्ये हे काम गॅस सेफ, म्हणजे गॅस कारागिरांची अधिकृत, नोंदणी असलेल्या माणसाकडून, जर्मनीत गाडीतल्या गॅसच्या दर 2 वर्षांच्या जी-607 तपासणीच्या वेळी करून घेणं शहाणपणाचं.

शेगडीचे दोन्ही बर्नर पेटवल्यावर फ्रिजची ज्योत खाली बसत असेल तर रेग्युलेटर थकलाय. नव्या गाड्यांत 30 मिलिबार दाब असतो, जुन्या जर्मन गाड्यांत 50. फ्रिजच्या पाटीवर जो असेल तोच हवा. थंडीत ब्यूटेनची नळकांडी शून्य अंशाच्या आसपास वायू देणंच थांबवते, तेव्हा प्रोपेन लागतो. हजार मीटरच्या वर चढलात की हवा विरळ होते आणि गॅसवर ज्योत धरायला कुरकुर होते, तो बिघाड नव्हे. आणि ज्योत रात्री आपोआप विझत असेल, कळ सोडताच मावळत असेल, तर दोष थर्मोकपलचा, म्हणजे ज्योत पेटलेली असेपर्यंतच गॅस चालू ठेवणाऱ्या टोकदार भागाचा. आधी त्याचं टोक ज्योतीत नीट येतंय का ते बघा, मगच नवा आणा.

दाराचं काम पाच मिनिटांचं. कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सगळीकडे अडखळली पाहिजे. जिथे सुळकन निघते तिथलं रबर हेअर ड्रायरनं तापवून ओढून आकारात आणा. बिजागरी खचली असेल तर दारच उचलून बसवावं लागतं. आतल्या पंखांना अडकवलेली थर्मोस्टॅटची बारीक नळी निसटली असेल तर फ्रिज हवेत गोळ्या मारत असतो. बर्फाचा थर तीन-चार मिलिमीटरच्या वर चढू देऊ नका, आणि सुरीनं तर मुळीच खरवडू नका. फ्रिज गच्च भरू नये, आणि कोमट वरणाचा डबा आत ढकलणं म्हणजे सकाळपर्यंतची कमाई घालवणं. या यंत्राला शंभर वॉट जाळ दिला तर ते जेमतेम वीस-पंचवीस वॉट उष्णता आतून बाहेर काढतं.

कॉम्प्रेसरवाल्या घराण्याबद्दल इतकंच: डॅनफॉस, आता सेकॉप, बीडी-35 वर्गातल्या कॉम्प्रेसरच्या इलेक्ट्रॉनिक पेटीला दिवा जोडता येतो. तो एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा तर पंख्याचा दोष, तीनदा तर मोटर सुरू होत नाही, चारदा तर मोटर फिरते पण वेग धरत नाही, पाचदा तर पेटी तापली. एक आणि तीन या दोन्हींचं मूळ बऱ्याचदा त्याच बारीक तारेत सापडतं.

उरलं ते नळ्यांचं जाळं. अमोनियाचा डोळे चुरचुरवणारा वास आला, किंवा पाठीमागे पिवळी भुकटी दिसली, तर ते फुटलंय. गाडीची दारं-खिडक्या उघडा, जाळ बंद करा. आत 25 बारच्या आसपास दाब असतो, हायड्रोजन पेटतो आणि अमोनिया विषारी आहे. वेल्डिंगनं हे सांधत नाहीत. वास नाही, बॉयलर चटका देण्याइतका तापलाय, पण तीन-चार तासांनंतरही अ‍ॅब्सॉर्बरची वेटोळी थंडगार, तर आतली फेरी थांबलीय. यावर जुना उपाय म्हणजे फ्रिज काढून काही तास उलटा ठेवायचा, आतलं गुडगुडणं थांबलं की सरळ करायचा आणि पूर्ण दिवस तसाच उभा ठेवून मग लावायचा. क्रोमेटनं नळी बुजलेली असेल तर फायदा होत नाही, आणि झाला तरी तो एखाद्या हंगामापुरता. नुसतं जाळं बदलून मिळतं, काही कारागीर जुनंच उघडून पुन्हा भरूनही देतात, पण फ्रिज बाहेर काढण्याची मेहनत दोन्हींत सारखी.

फ्रिज बाहेर काढलेलाच असेल तर मागचा पत्रा, पंखे आणि जाड तार त्याच दिवशी बसवून घ्या, पुन्हा ती पाठ इतकी मोकळी सापडायची नाही. आणि जाळ्यांची हिवाळ्याची झाकणं गॅस सिलिंडरच्या कप्प्यात ठेवा, दर वेळी सिलिंडर उघडताना डोळ्यांसमोर येतील.